आधी सिलिंडर तर भरा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकात शीतशस्त्रक्रियेच्या, म्हणजे गाठ गोठवून मारण्याच्या, नव्या यंत्रावर जवळजवळ अर्धे पान आले आहे. वाचले आणि झोप उडाली. आनंदाने नव्हे. दीड मिलिमीटर जाडीची सुई, आर्गॉन वायू, पडद्यावर दिसणारा बर्फाचा गोळा, यंत्राला टेकून उभे असलेले हसतमुख डॉक्टर आणि 'क्रांतिकारी' हा शब्द. तो किती वेळा आला ते मोजायचे मी तिसऱ्या परिच्छेदात सोडून दिले.

लेखात खोटे काही नाही. गाठ गोठवताना बर्फाचा गोळा सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसतो, थंडीने भाग बधिर होतो म्हणून दुखतेही कमी. पण त्या गोळ्याची कड म्हणजे शून्य अंशाच्या आसपासची रेघ. तिथे पेशी मरत नाहीत. त्यासाठी उणे २० ते उणे ४० अंश लागतात, म्हणून गोळा गाठीच्या बाहेर पाच-दहा मिलिमीटर वाढवावा लागतो. ही एक ओळ छापली असती, तर डॉक्टरांचे कसब नेमके कुठे लागते ते तरी वाचकांना कळले असते. आणि नवलाईच सांगायची, तर जेम्स अर्नॉट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मीठ आणि बर्फाचा चुरा लावून गाठी गोठवल्या होत्या. न्यूयॉर्कच्या इर्व्हिंग कूपरांनी १९६१ च्या सुमारास द्रव नायट्रोजनची सळई थेट मेंदूत वापरली. असो.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात सिस्टर होते. नोकरीची शेवटची काही वर्षे स्त्रीरोग ओपीडीत गेली. तिथे आमच्याकडेही 'क्रायो' होते. गर्भाशयाच्या मुखावर कर्करोगाच्या आधीचे बदल दिसले की तेवढा भाग गोठवायचा. फोटो काढावा असे त्या यंत्रात काही नव्हते. पिस्तुलासारखी मूठ, पुढे धातूचे टोक, मागे नळी, नळीच्या शेवटी सिलिंडर. वीज लागत नाही, भूल लागत नाही. तीन मिनिटे गोठवायचे, पाच मिनिटे वितळू द्यायचे, पुन्हा तीन मिनिटे गोठवायचे. मिनिटे भिंतीवरच्या घड्याळात बघायची. ऊतकाचे तापमान सांगणारे काहीही त्या यंत्रावर नव्हते.

आता तुमच्या अर्ध्या पानात न आलेली गोष्ट सांगते. दाबाखालचा वायू बारीक छिद्रातून सुटला की थंड होतो, त्यावरच हे सगळे चालते. आर्गॉनचे महागडे यंत्र असो की आमची मूठ, तत्त्व एकच. नायट्रस ऑक्साइड असेल तर टोक उणे ८९ अंशांपर्यंत जाते, कार्बन डायऑक्साइड असेल तर तेवढे थंड होत नाही. म्हणजे दाब गेला की थंडी गेली. यंत्राला दाबाचा काटा असतो. पिवळा म्हणजे दाब अपुरा, हिरवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४० ते ७० किलो दाब, लाल म्हणजे जास्त. सुरू करताना हिरवा दिसला की सगळे निर्धास्त. पण सिलिंडरमध्ये हा वायू द्रवरूपात असतो आणि शेवटचा द्रव संपेपर्यंत काटा हिरव्यातच राहतो. भरलेल्यालाही हिरवा, संपत आलेल्यालाही हिरवा. मग एकदम कोसळतो. आत किती उरले आहे ते कळण्याचा भरवशाचा मार्ग एकच, सिलिंडर वजन करून बघणे.

म्हणून मी वजनकाट्याचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवला. स्टोअरमधून शेरा आला की या विभागाला बाळाचा वजनकाटा आधीच दिलेला आहे. संपादक महोदय, तो सिलिंडर आमचे वॉर्डबॉय मामा खांद्यावर घेऊन जिना चढायचे तेव्हा त्यांना धाप लागायची. तो आम्ही बाळाच्या काट्यावर झोपवायचा! घरगुती गॅस आणून देणाऱ्या माणसाकडेसुद्धा सिलिंडर टांगून दाखवायचा काटा असतो. मी पुन्हा लिहिले, तर 'वार्षिक देखभाल कराराच्या कंपनीशी संपर्क साधावा' असे उत्तर आले. कंपनीचा माणूस आला, मूठ पुसून गेला आणि सही घेऊन गेला.

आणि एके दिवशी व्हायचे तेच झाले. गोवंडीची बाई होती, चार घरची धुणीभांडी करणारी. कामाचा खाडा करून आली होती, एका घरी पैसे कापणार म्हणून आधीच चिंतेत. पहिली तीन मिनिटे व्यवस्थित झाली. दुसऱ्या फेरीत काटा खाली आला, टोकाभोवतीचा पांढरा गोळा वाढायचा थांबला. टोक चिकटलेले असताना ओढायचे नसते. बर्फाच्या लादीला ओले बोट चिकटते तसे ते चिकटते, ओढले तर सालटे निघते. म्हणून सगळे आपोआप सुटेपर्यंत डॉक्टर मॅडम हातात मूठ धरून बसून राहिल्या. दुसरा सिलिंडर होता, पण रिकामा. कोरडा, शुद्ध वायू मिळाला नाही की त्यातल्या ओलाव्याचा बर्फ होऊन छिद्र तुंबते. तेही आम्ही अनेकदा भोगले होते, पण त्या दिवशी तेवढेसुद्धा निमित्त नव्हते. सरळ गॅस संपला होता.

'पुढच्या आठवड्यात या' असे मी तिला सांगितले. तिने मला विचारले, "सिस्टर, परत खाडा करू?" ती परत आली नाही. केसपेपरवरचा मोबाईल लागत नव्हता. तिचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. पण तुमच्या वार्ताहराने 'रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी' असे कौतुकाने लिहिले आहे ना, ते वाचताना मला तीच आठवली. ती तर त्याच दिवशी घरी गेली होती.

याच मुंबईत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी साध्या ॲसिटिक ॲसिडने, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाने, तपासणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये शिकागोच्या परिषदेत ते जाहीर झाले तेव्हा आपणही मथळा केला असेल. पण तपासणीत काही सापडले, तर पुढचे उपचार जागेवर हवेत. ते एका भरलेल्या सिलिंडरवर अडतात. आता म्हणतात, थंडी नको, उष्णता द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याचीही मार्गदर्शक तत्त्वे काढली, मिनिटसुद्धा लागत नाही, गॅसची कटकट नाही. चांगलेच आहे. पण त्याच्या बॅटरीचा चार्जर स्टोअरमध्ये कुलूपबंद असला तर तेही यंत्र बाळाच्या काट्याशेजारी पडून राहील.

यंत्रे सुधारू नयेत असे मी म्हणत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या विद्यार्थ्यांनी कोरड्या बर्फावर, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर चालणारे, फार थोडा गॅस खाणारे उपकरण बनवले आहे. कुणीतरी सिलिंडरचा विचार केला म्हणायचे! मलाही यंत्रात तेवढेच हवे. किती गॅस उरला ते सांगणारा खरा काटा, दुसरी फेरी पुरणार नसेल तर पहिली सुरूच होऊ न देणारी खिटी आणि टोकाशी तापमान दाखवणारा आकडा. यात पीएचडीचा विषय नसेल, फोटोही चांगला येणार नाही. एरवी या शहरात थंडीची टंचाई नाही. मॉलमध्ये नायट्रोजनचे आइस्क्रीम मिळते, लग्नात नवरानवरी कोरड्या बर्फाच्या धुरातून चालत येतात आणि तो धूर कधी संपल्याचे मी ऐकलेले नाही.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाच्या खाली 'चामखीळ एका रात्रीत गायब' अशी कुठल्याशा मलमाची जाहिरात होती, फोन नंबरसकट. वर डॉक्टरांचा फोटो, खाली हे. चेहऱ्यावरची प्रत्येक वाढ चामखीळ नसते. अशी मलमे चोळून भाजलेली कातडी आमच्या शेजारच्या ओपीडीत नेहमी यायची. जाहिरातीचे पैसे आपल्याला हवेत हे समजते, पण निदान पान तरी बदला.

आपल्या वार्ताहरांनी एखाद्या सकाळी कुठल्याही सार्वजनिक ओपीडीत जावे, क्रायोच्या सिलिंडरला हात लावावा आणि आत किती गॅस आहे ते तिथल्या सिस्टरला विचारावे. डॉक्टरांना नको, सिस्टरलाच.

पत्र लांबले आहे. कापायचे असेल तर इंग्रज डॉक्टरांना कापा, वजनकाट्याला नको. नाव छापू नये, पेन्शनचे कागद अजून टेबलावरून टेबलावर फिरत आहेत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका, परळ, मुंबई