तक्रार पत्र: मीटरचे बल्ब बदलायला दिलेल्या गाडीचे प्लस-मायनस उलटे केल्याबाबत

प्रति,
मा. सेवा व्यवस्थापक,
पुणे कार्यशाळा

विषय: 1965 सालच्या एम.जी.बी. गाडीच्या मीटरच्या दिव्यांचे सदोष काम व त्यामुळे झालेले नुकसान

महोदय,

मी 6 जानेवारी रोजी माझी एम.जी.बी. रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आपल्या कार्यशाळेत दिली आणि 17 जानेवारीला संध्याकाळी परत घेतली. जॉबकार्डवर दोनच कामे लिहिली होती: मीटरचे जळालेले बल्ब बदलणे आणि होल्डर साफ करणे. त्याखाली माझी सही आहे. तिसरे कोणतेही काम मी सांगितले नव्हते.

गाडी चालू स्थितीत होती, हे आधी नमूद करतो. गेल्या पावसाळ्यापासून मीटरचे दिवे एकेक करून गेले. आधी पेट्रोलचा मीटर अंधारला, मग स्पीडोमीटर, आणि दिवाळीपर्यंत आरपीएमचा, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा काटाही दिसेना. रात्री शेजारी बसून आई मोबाइलच्या उजेडात मला वेग वाचून दाखवायची. या मीटरमध्ये 12 व्होल्ट 2.2 वॅटचे, जुन्या टॉर्चसारखे आट्यांचे बल्ब लागतात. डॅशबोर्डच्या मागे हात घालून होल्डर बाहेर ओढायचा, बल्ब फिरवून काढायचा, होल्डरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासायचा आणि नवा बल्ब बसवायचा. वडील हे काम रविवारी सकाळी करायचे. माझी पाठ आता डॅशबोर्डखाली वाकत नाही, म्हणून मी आपल्याकडे आलो.

आपल्या इलेक्ट्रिशियनने साधे बल्ब न लावता एल.ई.डी. लावले. ते पेटले नाहीत. ते पेटणारच नव्हते, कारण 1967 पर्यंतच्या एम.जी.बी.मध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, यालाच प्लस अर्थ म्हणतात. आजच्या गाड्यांमध्ये बॉडीला मायनस असतो. साध्या बल्बला करंट कुठूनही आला तरी चालतो, एल.ई.डी.ला चालत नाही. होल्डरची बॉडीच्या पत्र्याला जोडलेली बाजू या गाडीत प्लस आहे, त्यामुळे बाजारातला नेहमीचा आट्यांचा एल.ई.डी. तिथे उलटा बसतो. टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर एकदा लावला असता तर हे लगेच कळले असते. साधे बल्ब लावून काम संपवता आले असते, किंवा मला एक फोन करता आला असता.

त्याऐवजी आपल्या माणसाने गाडीच्या बॅटऱ्याच उलट्या जोडल्या.

या गाडीत 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सीटच्या मागे, फळीखाली. त्या फळीच्या आतल्या बाजूला माझ्या वडिलांनी लाल ऑइलपेंटने लिहिले आहे: «प्लस अर्थ. उलटे जोडू नये.» ते इंग्लंडमध्ये नोकरीला होते आणि परत येताना ही गाडी बोटीने मुंबईला आणली. इथल्या गॅरेजमध्ये कोणी चूक करू नये म्हणून त्यांनी तेव्हाच ते लिहून ठेवले. बॅटऱ्यांना हात लावायचा तर ती फळी उचलावीच लागते, म्हणजे आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ते अक्षर होते. मी घरी येऊन फळी उघडली तेव्हा त्यावर काळी इन्सुलेशन टेप आडवी चिकटवलेली होती. टेप हळूच सोलून काढली तर «उलटे» मधला «उ» तिच्याबरोबर निघून आला. वडील जाऊन नऊ वर्षे झाली. त्या अक्षराची भरपाई मी आपल्याकडे मागू शकत नाही, पण ते झाकले गेले हे आपल्याला कळवणे मला आवश्यक वाटते.

पुढे जे झाले ते असे. 17 तारखेला मीटर उजळलेले पाहून मी बिल भरले: 11,800 रुपये, त्यात «वायरिंग दुरुस्ती» या नावाखाली 4,500. रस्त्याला लागताच आरपीएमचा काटा शून्यावर पडून असल्याचे दिसले. इग्निशनचा लाल दिवा (बॅटरी चार्ज होत नसल्याची खूण) रेस दिल्यावर विझायला हवा, तो उलट भडकला आणि काही क्षणांत जळून गेला. गणेशखिंड रस्त्यावर बॉनेटखालून जळका वास आला. मी गाडी कडेला घेतली आणि टो करून घरी आणली. आई सोबत होती. वय वर्षे एक्क्याऐंशी. त्या थंडीत ती पाऊण तास फुटपाथवर बसून होती.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनना घरी बोलावले. त्यांनी तपासून जे सांगितले ते आपल्या तांत्रिक विभागाने लक्षपूर्वक वाचावे. बॅटरी चार्ज करायला या गाडीला आजच्यासारखा अल्टरनेटर नाही, जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे. डायनॅमोच्या लोखंडात आधीचे चुंबकत्व शिल्लक राहते. बॅटरी उलटी केली की फील्डच्या (डायनॅमोतल्या चुंबकाच्या गुंडाळीच्या) टर्मिनलला क्षणभर करंट देऊन त्याचीही दिशा बदलावी लागते. ते न केल्यामुळे डायनॅमो एका दिशेने आणि बॅटरी दुसऱ्या दिशेने, अशी स्थिती झाली. लाल दिव्यावर दुप्पट व्होल्टेज आले, आणि कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा आपोआप चालणारा स्विच) जोडला जाताच त्याचे पॉइंट जळाले. आरपीएम मीटर इलेक्ट्रॉनिक आहे, आत ट्रान्झिस्टरचे सर्किट आहे. ते प्लस अर्थसाठीच बनवलेले असल्यामुळे उलट्या करंटने बंद पडले. «वायरिंग दुरुस्ती» म्हणजे पॅनल लाइटची लाल-पांढरी वायर कापून इग्निशनवरून थेट सप्लाय दिला आहे, मध्ये फ्यूज नाही. मूळ रचनेत साइड लाइट लावल्यावरच मीटरचे दिवे लागतात, आता ते भर दुपारीही जळत राहतात.

बरे, दिवे तरी ठीक आहेत का? तेही नाहीत. मूळ बल्बचा उजेड सगळीकडे पसरतो, डायल एकसारखी दिसते. एल.ई.डी.मुळे 40 च्या आकड्यावर पांढरा झोत आणि कडा काळोख्या. उजेड कमी करण्याचे बटण आता निरुपयोगी झाले आहे, कारण वायर आधी कापली गेली आणि ती जोडली तरी एल.ई.डी. इतका कमी करंट घेतो की त्या जुन्या रेझिस्टन्सचा त्याच्यावर फरक पडत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. ऑइल आणि टेम्परेचरच्या जोडमीटरला इंजिनपर्यंत जाणारी बारीक नळी असते, ती मुडपली तर मीटर कायमचा जातो. ती आपल्या माणसाने सांभाळून ठेवली आहे. त्याच्या हातात कौशल्य आहे. त्याला ही गाडी कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारे वर कोणी नव्हते, आणि ती जबाबदारी कार्यशाळेची आहे. आपल्या जाहिरातीत जुन्या गाड्यांचे खास काम करतो असे लिहिलेले आहे, त्या भरवशावर मी आलो.

माझी मागणी अशी. बॅटऱ्या पुन्हा प्लस अर्थला जोडून, डायनॅमोची दिशा तपासून, कटआउटचा कंट्रोल बॉक्स बदलून द्यावा. आरपीएम मीटर अशा मीटरची दुरुस्ती जाणणाऱ्या कारागिराकडून आपल्या खर्चाने दुरुस्त व्हावा, नवा स्वस्त मीटर बसवू नये. लाल-पांढरी वायर मूळ जागी जोडावी, सर्व मीटरमध्ये 2.2 वॅटचे साधे बल्ब लावावेत. माझे काढलेले जुने होल्डर परत द्यावेत, ते बिलासोबत मिळालेले नाहीत. बिलाचे 11,800 आणि टोचे 2,200 रुपये परत करावेत. यापुढे बॅटरीला हात लावण्याआधी मी समोर असेन.

जॉबकार्ड, बिल, टोची पावती, फळीचे आणि जळालेल्या पॉइंटचे फोटो सोबत जोडले आहेत. 18 आणि 21 जानेवारीला मी फोन केला, दोन्ही वेळा «साहेब मीटिंगमध्ये आहेत» एवढेच उत्तर मिळाले, म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन.

गाडी सध्या घरी उभी आहे, बॅटऱ्यांच्या वायरी सोडवून ठेवल्या आहेत. आपला जाणकार माणूस कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर येऊन पाहू शकतो.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)
एरंडवणे, पुणे
24 जानेवारी