पाणी किती वाजता सुटणार, एवढं तरी सांगा

मा. मंत्रिमहोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातल्या गोदाकाठचा मच्छीमार. वडिलांची होडी लाकडी होती, माझी फायबरची. पोळ्याच्या आदल्या रात्री ती गेली. तुमच्यापुढे मोठमोठी कामं असतील, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

त्या संध्याकाळी नदी पात्रात होती. होडी जांभळीला दोन दोरांनी बांधून मी घरी आलो. रात्री एकच्या सुमाराला शेजारच्या पोरानं दार वाजवलं, "काका, पाणी वाढलं!" धावत गेलो तर जांभळीचा बुंधा पाण्यात गेलेला. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि आमच्या गावात एकालाही निरोप नव्हता.

पुरात होडी वाचवायची आमची रीत ठरलेली आहे. पाणी चढायच्या आधी चार-पाच जणांनी ती उचलून उंचावर न्यायची, पालथी घालायची, दोन्ही टोकांना बांधायची. तेवढा वेळ नसेल तर दोर लांब सोडायचा. दोर आखूड असला की पाण्याबरोबर होडीला वर येता येत नाही, ती एका अंगाला कलते आणि भरते. माझा दोर लांब होता. पण पाणवेली आल्या. नाशिककडून वाहत आलेला तो हिरवा ढीग होडीला येऊन अडला, मागून आणखी आला, दोर ताठ झाला. मी काठावर बॅटरी धरून उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत दोर तुटला. सकाळी होडी पुलाच्या खांबाशी सापडली, मधोमध फाटलेली. जाळ्याचा पत्ताच नाही.

दोन तास आधी कळलं असतं तर माझी होडी आज अंगणात असती.

४ ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतो का? त्या पुरात हीच होडी मागायला तुमचीच माणसं माझ्या दारात आली होती. मी दिली, आणि स्वतः वल्हवली. एका बाळंतिणीला पत्र्यावरून उतरवलं. तिच्या सासूनं बाळ पातेल्यात ठेवून माझ्या हातात दिलं होतं. पूर ओसरल्यावर गावात बैठक झाली, मला शाल दिली. पाणी सोडायच्या तीन तास आधी गावात भोंगा वाजेल, पूररेषेच्या वर होड्या ठेवायला उताराचा ओटा होईल, बांधायला लोखंडी कड्या बसतील, असं एका अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ना भोंगा आला, ना ओटा झाला. एक कडीसुद्धा बसली नाही.

नाशिकचे लोक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. माझा साडू पंचवटीत राहतो, तो दर पावसाळ्यात मला फोन करतो. त्या रात्री तो आजारी होता, झोपला होता. एका माणसाला झोप लागली म्हणून माझी रोजीरोटी वाहून जावी, अशी तुमची व्यवस्था आहे.

क्युसेकचे आकडे दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. १० हजार क्युसेक सोडलं की सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. दारणेचं पाणी आमच्या वरच्या अंगाला गोदावरीत मिळतं, म्हणजे दोन नद्यांचा लोंढा आमच्या काठाला. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, त्याच्या फुगवट्यात वर्षानुवर्षं गाळ साठतोय. सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकतात हे साऱ्या तालुक्याला माहीत आहे. मग पावसाळ्याआधी त्या काढत का नाहीत?

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी होडीचे कागद मागितले. कागद होडीतल्या डब्यात होते. सरकारी निकषात पूर्ण गेलेल्या होडीला १५ हजार, जाळ्याला ४ हजार. मी होडीला ७२ हजार मोजलेत, त्यातले ३० हजार अजून देणं आहे. कागद नाहीत म्हणून तेही १५ हजार अडलेत. मुलगी नाशिकला नर्सिंगला आहे, तिची दुसरी फी पुढच्या महिन्यात भरायची. बायको द्राक्षबागेत रोजानं जाते. मी तीस वर्षं कुणापुढे हात पसरला नव्हता.

जायकवाडीला पाणी द्यायचं असतं तेव्हा सगळं कसं वेळेवर होतं! १५ ऑक्टोबर ही तारीख ठरलेली, तेव्हा तिथे ६५ टक्क्यांहून कमी पाणी असलं की वरच्या धरणांतून सोडायचं हा हिशेब ठरलेला. कुठून किती सोडायचं याचे आदेश लेखी निघतात, बंदोबस्त लागतो. मराठवाड्याला पाणी मिळालंच पाहिजे, तक्रार त्याची नाही. दुष्काळात नदीचा हिशेब ठेवता येतो, मग पुरात का येत नाही? जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना आधी इशारा मिळाला, त्यांनी नौका ओढून घेतल्या. वादळ कुठे वळेल हे समुद्रावर आधी सांगता येतं. इथे तर दरवाजा माणूस उघडतो. त्याला वेळ माहीत असते.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकला घाट होतायत, रस्ते होतायत. व्हायला हवेत. तीच गोदावरी पुढे आमच्या दारातून जाते, साहेब. तिथे नदी तुमची आणि इथे फक्त आमची, असं कुणी ठरवलं?

मला नवी होडी फुकट नको. पंचनामा मंजूर करा, कागदांच्या नकला तुमच्याच दप्तरातून काढा. ओटा बांधा, कड्या बसवा, भोंगा लावा.

परतीचा पाऊस अजून यायचा आहे. माझ्या भावाची होडी खाली जांभळीलाच बांधलेली आहे. वरून पुन्हा पाणी सुटेल तेव्हा किती वाजता, ते आधी कळवा.

आपला,
गोदाकाठचा एक मच्छीमार, जि. नाशिक