शीत कुणी निवडलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उड्डाण आणि ड्रेसाजच्या, म्हणजे शिकवलेल्या चालींच्या स्पर्धेच्या, घोड्यांच्या पैदाशीवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखाचा रोख असा की ज्या स्टॅलियनची, म्हणजे पैदाशीच्या नर घोड्याची, पोरं मोठ्या स्पर्धांत झळकतात, तो स्टॅलियन चांगला. पैदाशीच्या घोड्याची पारख त्याच्या संततीवरून करावी, यात वादच नाही. पण शितावरून भाताची परीक्षा करायची तर पातेल्यातलं कुठलंही शीत उचलायचं असतं. जाहिरातीत छापली जाणारी पाच नावं ही मालकाने वेचून बशीत मांडलेली शितं असतात. शिवाय एका पातेल्यातला भात सारखा शिजतो, एका बापाची पोरं सारखी निघत नाहीत.

आधी साधा हिशोब बघू. समजा एका स्टॅलियनची स्पर्धेच्या वयाची, म्हणजे आठ वर्षांवरची, ४०० पोरं आहेत आणि त्यातली २० पोरं एक मीटर चाळीस सेंटीमीटर उंच अडथळ्यांच्या उड्डाणवर्गात खेळतात. दुसऱ्याची तशी पोरं ६०, त्यातली ६ त्या वर्गात. नाव पहिल्याचंच कानावर पडणार. प्रमाण मात्र पहिल्याचं ५ टक्के आणि दुसऱ्याचं १०. वॉर्मब्लड, म्हणजे स्पर्धेसाठी पैदा केलेल्या घोड्यांच्या, पैदास संघटनांच्या जागतिक महासंघाची स्टॅलियनांची वार्षिक क्रमवारी संततीने मिळवलेल्या गुणांच्या बेरजेवर लागते, त्यामुळे मोठं कुटुंब असलेल्याला तिथे आपोआप झुकतं माप मिळतं. त्यात क्रमवारीचा काही दोष नाही, ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. आणि उशिराही देते. चाको-ब्लू हा स्टॅलियन २०१२ मध्ये मेला आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी उड्डाणाच्या क्रमवारीत अग्रस्थानी होता. हे होणारच. अडीच वर्षांचा असताना पैदाशीची मान्यता, चौथ्या वर्षी पहिली शिंगरं, ती तीन वर्षांची होऊन चाचणीला येतात तेव्हा बाप सात वर्षांचा, आणि ती मोठ्या वर्गात उतरेपर्यंत तो बाराचा तरी झालेला असतो.

छेदात काय धरायचं यावरही बरंच लपवता येतं. ‘स्पर्धेत उतरलेल्यांपैकी इतके टक्के जिंकले’ हे वाक्य आलं की सावध व्हावं. छेदात त्या वयाला पोचलेली सगळी नोंदलेली शिंगरं हवीत. लंगडी निघाली, पाठीवर कुणाला घेईनात, चार हात फिरून गायब झाली, ती पोरं स्पर्धेच्या यादीत कधी येतच नाहीत, आणि नेमकी तीच बापाबद्दल जास्त बोलतात. विकल्यावर नाव बदललेला घोडा निसटू नये म्हणून नावावर न जाता आजन्म क्रमांकावर शोध घ्यावा. हा १५ अक्षरांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक पासपोर्टवर असतो आणि मालक बदलला तरी बदलत नाही.

आता घोडीकडे वळू, कारण खरी फसगत इथेच होते. ‘खाण तशी माती’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर बापच असतो. शिंगराचा जनुकीय वाटा मात्र दोघांकडून निम्मा-निम्मा, आणि गर्भ नि दूध तर सगळं आईचंच. समजा एका स्टॅलियनची पोरं सरासरी १७० सेंटीमीटर उंच भरतात. त्याच घोड्यांना, म्हणजे त्याच आयांना, दुसऱ्या स्टॅलियनांपासून झालेली पोरं १६९ भरतात. म्हणजे बापाचं योगदान एका सेंटीमीटरचं. आणखी एका स्टॅलियनची पोरं १६७, पण त्यांच्या आयांची इतर पोरं १६३. याने चार सेंटीमीटर वाढवले. नुसतं शिंगरं शेजारी उभी करून पाहणारा पहिल्यालाच ‘उंची देणारा’ म्हणेल. तुलना नेहमी त्याच आयांच्या इतर पोरांशी, त्याच वर्षीच्या, त्याच पागेतल्या बरोबरीच्या शिंगरांशी करावी. इतर कुठल्याही तुलनेत चाऱ्याचा आणि स्वाराचा फरक बापाच्या खात्यावर जमा होतो.

आईच्या गर्भाचा जोर किती असतो याचा दाखला जुना आहे. वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी १९३८ मध्ये धिप्पाड शायर आणि बुटके शेटलंड या जातींचा दोन्ही बाजूंनी संकर केला. जनुकं दोन्हीकडे तीच, पण शायर घोडीच्या पोटचं शिंगरू जन्मतः शेटलंड घोडीच्या पोटच्या शिंगरापेक्षा साधारण तिप्पट वजनाचं निघालं. म्हणून जन्माच्या वेळच्या आकारावरून स्टॅलियनबद्दल काही म्हणू नये, आणि भ्रूण दुसऱ्या घोडीत वाढवलेलं असेल तर मुळीच नाही.

आणखी एक फेरा असतो. पहिल्या वर्षीची दोन-तीन शिंगरं देखणी निघाली की दुसऱ्या वर्षी चांगल्या घोड्यांचे मालक रांग लावतात, मग दुसऱ्या वर्षीची शिंगरं आणखी चांगली दिसतात आणि श्रेय बापाला जातं. फॅशन उतरली की उलटं. यावर पैदास संघटना जो उपाय वापरतात तो सांख्यिकी आहे: सगळ्या नातेवाइकांच्या नोंदी एकत्र घेऊन आई, वय, लिंग, चाचणीचं ठिकाण यांचे परिणाम एकाच वेळी वजा करणं. दुभत्या जनावरांसाठी हेंडरसन यांनी बसवलेली ब्लप ही पद्धत आज घोड्यांनाही वापरतात. ती जादू नव्हे. ज्या शिंगरांची नोंदच झाली नाही, त्यांना तीही शोधू शकत नाही.

किती पोरं पाहिली म्हणजे पुरे? हे गुण किती आनुवंशिक आहे त्यावर ठरतं. उंचीची आनुवंशिकता बरीच जास्त, चालीची मध्यम, स्पर्धेतल्या निकालांची कमी, कारण निकालात स्वार, प्रशिक्षण आणि मालकाचा खिसा मिसळलेला असतो. आनुवंशिकता, म्हणजे पोरापोरांतल्या फरकाचा जनुकांमुळे येणारा भाग, ०.३ धरली आणि प्रत्येक पोराची एकच नोंद असली, तर १० पोरांवरून मिळणाऱ्या अंदाजाची विश्वासार्हता साधारण ४५ टक्के, २० वरून ६२, ५० वरून ८०. आनुवंशिकता ०.१ असेल तर हेच आकडे २०, ३४ आणि ५६ होतात, आणि शंभर पोरं पाहिली तरी ७२. हे गणितही आया न निवडता सरसकट घेतल्या असतील तेव्हाचं. ज्यांनी ‘चार शिंगरं पाहिली, चारही अप्रतिम’ असं ऐकलं असेल त्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. चांगल्या-वाईट घोड्या सरसकट दिल्या तर एका स्टॅलियनच्या पोरांमध्येही त्या गुणातल्या जनुकीय फरकाचा तीन-चतुर्थांश भाग शिल्लकच असतो. चार काय, दहा पोरंही नशिबाने चांगली लागू शकतात.

प्रत्यक्ष शिंगरू पाहताना ‘छान’, ‘८ गुण’ असं लिहू नये. गुण आवडनिवड सांगतात. लिनिअर स्कोअरिंगमध्ये प्रत्येक अंग दोन टोकांमध्ये कुठे बसतं एवढंच लिहितात: मान आखूड की लांब, पुठ्ठा सपाट की उतरता, मागच्या पायाचा कोन सरळ की कोयत्यासारखा. नेदरलँड्सच्या केडब्ल्यूपीएन संघटनेने ही पद्धत १९८९ पासून वापरात आणली. फायदा असा की ‘पोरांचे मागचे पाय सरासरीपेक्षा सरळ’ अशी ओळ हाती येते आणि ज्याच्या घोडीचे पाय आधीच सरळ आहेत तो सावध होतो. आठ गुणांतून हे कळत नाही. सरळ पाय आणि फताडे खूर, दोन्हींना सहाच गुण मिळालेले असतात.

दोन-तीन महिन्यांच्या शिंगराच्या अंगावरून फार ठरवू नये. पुढचे गुडघे किंचित आत झुकलेले आणि खूर बाहेर वळलेले या वयात चालतात, छाती रुंदावली की बरेचसे सरळ होतात. वाढीच्या झपाट्यात पुठ्ठा खांद्यापेक्षा उंच होतो, तोही दोष नव्हे. दुडकी चाल तर सगळ्यात फसवी. आईपासून क्षणभर दूर झालेलं, शेपूट वर केलेलं घाबरं शिंगरू हवेत तरंगतं आणि बघणारे टाळ्या वाजवतात. तरंगण्यामागे ताण असतो, चाल नव्हे. शांत झाल्यावरची साधी चाल बघावी. नुकत्याच दाताळलेल्या वाळूवरून शिंगराला आईमागे चालू द्यावं आणि पावलं बघावीत: मागचा खूर पुढच्याच्या खुणेच्या पुढे किती पडतो, उजवी-डावी सारखी पडतात का. मग डोळे मिटून ठोके मोजावेत. चार स्वच्छ ठोके हवेत. एका बाजूचे दोन पाय जवळजवळ एकत्र पडून दोन-दोन ठोके ऐकू आले, तर ती खोड प्रशिक्षणाने क्वचितच जाते. एका शिंगरात आढळली तर नोंद करून पुढे जावं, वेगवेगळ्या आयांच्या पाच-सहा पोरांत आढळली तर बापाकडे बोट दाखवायला हरकत नाही.

तीन वर्षांच्या पोरांचं मोकळं, म्हणजे स्वाराविना, उड्डाण पाहताना पहिली उडी विसरावी. अडथळ्यांच्या गल्लीत कँटरच्या (हलक्या दौडीच्या) एकेका ढांगेचं, म्हणजे साधारण सात मीटरचं, अंतर ठेवून तीन अडथळे लावतात. पहिल्या फेरीत अनोळखी काठीला भिऊन बरीच घोडी-घोडे उंच झेपावतात आणि ते प्रतिभेसारखं दिसतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीत अडथळा ओळखीचा झाला की खरं कळतं. तेव्हाही पुढच्या पायांचा वरचा भाग आडवा होतो का, दोन्ही गुडघे एकाच उंचीवर येतात का, पाठ गोल होते का, उतरताना मागचे पाय उघडतात का? काठीला खूर लागल्यावर पुढच्या फेरीत घोडा काळजीने उचलतो, की बेपर्वाईने तसाच जातो? ही काळजी अनेक पोरांत दिसली तर तो बापाचा मोठा गुण. स्वारीतला स्वभाव पाहायचा तर घरचा स्वार खाली उतरवून परका चढवावा. घरच्या स्वाराला त्याच्या घोड्याची प्रत्येक खोड सांभाळायची सवय झालेली असते आणि तोंडातलं लगामाचं लोखंड दाताखाली धरून हट्ट करणारा घोडाही त्याच्या हाती गोड वाटतो.

आरोग्याची बाजू लेखात आलीच नव्हती. सांध्यातला कूर्चा नीट हाड न बनता तुकडा सुटणं, ज्याला ऑस्टिओकाँड्रोसिस म्हणतात, ते मागच्या पायाचा हॉक, त्याच्या वरचा स्टायफल आणि घोटा या सांध्यांत जास्त दिसतं. हॉकमधलं चित्र पाचव्या महिन्यानंतर आणि स्टायफलमधलं आठव्यानंतर बहुतेक स्थिर होतं, त्याआधी दिसलेला ओरखडा भरूनही येतो. म्हणून एक्स-रे वर्षाच्या वयानंतर काढावेत. स्टॅलियनचे स्वतःचे एक्स-रे स्वच्छ असणं म्हणजे पोरांचे स्वच्छ असणं नव्हे. मालकाने निवडलेली नकोत, चिठ्ठी टाकून काढलेली पोरं हवीत, आणि वेगवेगळ्या पागांतली. एकाच पागेतली सगळी असली तर जास्त दाण्याने झपाट्यात वाढवलेल्या शिंगरांचा दोष रक्ताच्या माथी बसतो.

एक चाचणी मात्र पोरांची वाट न पाहता करता येते. वॉर्मब्लड फ्रॅजाइल फोल सिंड्रोम हा पीएलओडी-१ जनुकातला अप्रभावी दोष. वाहक घोडा स्वतः निरोगी असतो, वॉर्मब्लडमध्ये वाहकांचं प्रमाण साधारण १० टक्के. दोन वाहकांची जोडी लावली तर चारातलं एक भ्रूण दोषी होण्याची शक्यता असते. ते गर्भातच जातं किंवा चिंध्यांसारख्या फाटणाऱ्या कातडीचं शिंगरू जन्मतं आणि त्याला दयामरण द्यावं लागतं. आयाळीच्या मुळासकट केसांवरून चाचणी होते. वाहक स्टॅलियन वापरूच नये असं नाही, वाहक घोडीला तो देऊ नये एवढंच. दोष लपवणं मात्र अक्षम्य.

ब्लपसारख्या पद्धतीतून निघणारा पैदासमूल्याचा निर्देशांक वाचताना आकडा एकटा वाचू नये. जर्मन पद्धतीत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन २० धरतात, म्हणजे १२० हा ढोबळमानाने वरच्या १६ टक्क्यांत. पण विश्वासार्हता ४० टक्के असलेला १३५ आणि ८५ टक्के असलेला १३५ एकसारखे नसतात. पहिला पुढच्या दोन वर्षांत कुठेही जाऊ शकतो, दुसरा फारसा हलणार नाही. शंभरचा पायाही तुलनेतल्या नव्या घोड्यांबरोबर सरकतो. जुन्या स्टॅलियनचा आकडा दरवर्षी घसरतो तेव्हा त्याची पोरं बिघडलेली नसतात, बाकीची सुधारलेली असतात.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या स्टॅलियनवर लेख आला, तर त्याच्या झुपकेदार आयाळीच्या फोटोखाली चार आकडे जरूर छापावेत: त्याची स्पर्धेच्या वयाला पोचलेली पोरं एकूण किती आणि ती किती घोड्यांपासून, त्यातली कुठल्या वर्गापर्यंत किती गेली, निर्देशांक विश्वासार्हता आणि वर्षासकट, आणि एक्स-रे काढलेली पोरं किती व ती कुणी निवडली.

आपला,
एक वाचक