बदकांची ‘जोडी’ घेताना

महोदय,

नाशिक परिसरातील मळ्यांत आणि शहरालगतच्या बंगल्यांच्या आवारात कोंबड्यांच्या जोडीने दोन-चार बदके पाळणारे अनेक जण आहेत. बाजारात पिल्ले ‘जोडी’ म्हणून विकली जातात. त्या जोडीत एक नर आणि एक मादी आहे हे कशावरून, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. लहान पिल्लाचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठी गुदद्वार अलगद उघडून पाहावे लागते. ते सरावलेल्या माणसाचेच काम असून नवख्या हाताने पिल्लाला कायमची इजा होऊ शकते.

धीर धरल्यास हे काम सोपे होते. पिल्ले दोन महिन्यांची होईपर्यंत मादीचा आवाज मोठा व खणखणीत होतो, तर नराचा आवाज बसका, घोगरा राहतो. पुढे तीन-चार महिन्यांत नराच्या शेपटीवरील काही पिसे वर वळून गोल होतात. पण पिसे झडण्याच्या काळात तीही गळतात, म्हणून केवळ शेपटीवर विसंबू नये. मस्कोव्ही जातीला या खुणा लागू पडत नाहीत. तिचा नर नुसता फुसफुसतो, त्याचे शेपटीचे पीस वळत नाही आणि तो मादीपेक्षा बराच थोराड असतो. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. नर जास्त झाल्यास माद्यांच्या मानेवरील पिसे उपटली जाऊन कातडी उघडी पडते, हे पाहिल्यावर तरी ही खातरजमा आधीच का करायची ते कळते.

आरोग्याचे बहुतेक निदान सकाळी खुराडे उघडताना होते. कोण मागे राहते, कोण लंगडते, विष्ठा हिरवट व पातळ आहे का, एवढे पाहावे आणि अधूनमधून पायाचा तळवा उलटून खपली किंवा सूज तपासावी. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात नियासिन हे ब-जीवनसत्त्व कमी पडून बदकांच्या पिल्लांचे पाय वाकू शकतात. पावसाळ्यात ओल धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड तर मुळीच घालू नये, कारण बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष बदकांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी अधिक बाधते. पाण्याचे भांडे नाकपुड्या बुडतील इतके खोल हवे. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात बदके सोडणाऱ्यांनी चढून येण्यासाठी खरबरीत फळी अवश्य लावावी.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला 2006 साली बर्ड फ्लूचा उद्रेक झाला होता. बदके बाहेरून धडधाकट दिसत असतानाही हा विषाणू बाळगू शकतात. म्हणून हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात त्या नांदूरमध्यमेश्वरच्या आसपासच्या पाळणाऱ्यांनी आपली बदके उघड्या पाण्यावर सोडू नयेत, हे उत्तम.

बदकांच्या प्लेग या विषाणूजन्य रोगावर लस आहे. पण एका कुपीत पुष्कळ मात्रा असतात आणि कालवलेली लस काही तासांतच संपवावी लागते. चार बदके पाळणाऱ्याला ती एकट्याने परवडत नाही. पशुसंवर्धन विभागाने गावनिहाय नोंद घेऊन एकाच दिवशी लसीकरण ठेवावे आणि त्याच दिवशी नर-मादी ओळखण्याचे प्रात्यक्षिकही दाखवावे, ही विनंती.

— एक बदकपालक, नाशिक