नव्या टाकीतला तपकिरी थर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घरातल्या समुद्री माशांच्या टाकीचं अर्धं पान भरून छायाचित्र आलं होतं. निळा उजेड, पांढरीशुभ्र वाळू, नारिंगी क्लाउनफिश. छायाचित्र सुंदरच होतं. ते पाहून आमच्या ओळखीतल्या दोन घरांत अशी टाकी घ्यायचं घाटतंय, म्हणून हे पत्र. हीच टाकी भरल्यापासून तिसऱ्या आठवड्यात कशी दिसते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यापायी माझ्या हातून आठ जीव गेले.

मी रत्नागिरीत राहते. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. लहानपणी वडील झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातलं मत्स्यालय दाखवायला न्यायचे, तेव्हापासूनची ही हौस. निवृत्त झाल्यावर मुलाने तीन फुटी टाकी घेऊन दिली. दगड-वाळू टाकल्यावर पाणी बसतं साधारण दीडशे लिटर. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी ती भरली. पाणी आमच्या विहिरीचं. जांभ्यातली विहीर, पाणी इतकं गोड की शेजारचे कळशी घेऊन येतात. त्यात समुद्री टाकीसाठी मिळणारं मीठ साडेपाच किलो विरघळवलं. दुकानदाराने टाकीबरोबरच सहा गोगलगायी आणि दोन कोळंब्या दिल्या होत्या, त्याही सोडल्या.

अठराव्या दिवशी सकाळी वाळूवर दालचिनीची पूड भुरभुरल्यासारखं दिसलं. दोन दिवसांत दगड, काच, पंपाचं तोंड, सगळं तपकिरी झालं. काचेवर बोट फिरवलं की स्वच्छ रेघ उमटे आणि संध्याकाळपर्यंत बुजून जाई. दुकानात फोन केला, तर ‘शेवाळ मारायचं औषध’ म्हणून एक बाटली कुरिअरने आली. सांगितलं तेवढी झाकणं मोजून ओतली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही कोळंब्या पालथ्या पडलेल्या होत्या. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या, त्या पुन्हा चढल्याच नाहीत. मग बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचली. आत कॉपर सल्फेट होतं. म्हणजे आपलं मोरचूद, सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात त्यातलं. तांबं कोळंबी-गोगलगायींना फार थोड्या मात्रेतही मारतं. शिवाय ते चुनखडीच्या दगडात आणि वाळूत मुरून बसतं आणि पुढे हळूहळू पाण्यात येत राहतं. मला सगळे दगड आणि वाळू काढून टाकावी लागली. ज्याच्याकडून हा माल येतो त्याला हे ठाऊक असायलाच हवं. ‘मरीन टँकला चालतं’ असं सांगून ती बाटली दिली होती, याचा मला आजही राग आहे.

टाकी रिकामी करण्याआधी एक मात्र केलं. काचेवरचा थर खरवडून थेंबभर पाण्यात घेतला आणि जुन्या सहकाऱ्यांना विचारून जीवशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चारशेपट मोठं करून पाहिलं तर सोनेरी-तपकिरी होड्याच होड्या. दोन्ही टोकांना निमुळत्या, कडेला इतक्या बारीक रेषा की कोणी पट्टी ठेवून आखल्यासारख्या. त्यातल्या काही आपणहून सरकत होत्या. अडथळा आला की थांबायच्या आणि आल्या वाटेने मागे जायच्या. हे डायटम. एकपेशीय शैवाल, आणि त्यांची कवचं असतात सिलिकाची, म्हणजे एका अर्थी काचेचीच. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काचेची भांडी हाताळली, पण समुद्रातला एवढासा जीव पाण्यातून सिलिका उचलून स्वतःभोवती काच घडवतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा हे डायटम करतात. आपल्या किनाऱ्यावरची तारली यांच्यावर पोसते. तिसऱ्या आणि कालवंही पाणी गाळून हेच खातात. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं, त्यात नायट्रोग्लिसरीन जिरवायला वापरलेली माती म्हणजे याच कवचांचे साठे.

आता नव्या टाकीत ते का माजतात, ते सांगते. पाण्यात सिलिका भरपूर असते आणि ती खाऊन संपवणारं किंवा जागा अडवणारं दुसरं कोणी अजून वस्तीला आलेलं नसतं. कोरडे दगड आणि नवी वाळू म्हणजे मोकळं रानच. जीवांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू जम बसवायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. विरजण लागायच्या आत दही ढवळून कसं चालेल? डायटम याच मधल्या काळात येतात. टाकी बिघडल्याची ती खूण नसते. त्यांची सिलिका संपत आली आणि इतर जीव स्थिरावले की बहुतेक वेळा ते आपणहून ओसरतात.

दिवाळीनंतर मी पुन्हा सुरुवात केली आणि या खेपेला आधी पाण्याकडे पाहिलं. आमचं गोड पाणी विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ८४ आलं. पिण्याला उत्तम, पण त्यात जांभ्यातून उतरलेली सिलिका असणारच. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचं पाणी ४० च्या खाली उतरेना. कारण चव राहावी म्हणून अशा यंत्रात थोडं मूळ पाणी परत मिसळायची चावी असते, ती आमच्यातही होती. चावी बंद केल्यावर आकडा ६ वर आला आणि पुढे आयन शोषणाऱ्या रेझिनची नळी जोडल्यावर शून्य. यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची: रेझिन संपत आलं की सिलिका आधी निसटू लागते आणि मीटर त्या वेळीही शून्याच्या आसपासच दाखवत राहतो. म्हणून रेझिन थोडं आधीच बदललेलं बरं.

‘समुद्र दारात असताना मीठ विकत कशाला?’ हे मला मांडवीत निदान दहा जणांनी विचारलं असेल. इथे भाट्याच्या किनाऱ्यावर काजळी नदी समुद्राला मिळते. नद्या डोंगरातली सिलिका समुद्रात आणतात. पावसाळ्यात तिथला खारेपणा कुठल्या कुठे उतरतो, शिवाय मिरकरवाड्याच्या होड्यांचं तेल आहेच. किनाऱ्यालगतचं पाणी टाकीत नको. आणखी एका गृहस्थांनी मालवणहून प्रवाळाचे दगड आणून देतो म्हणून सांगितलं. मी साफ नाही म्हटलं. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, समुद्री घोड्यांनाही.

एवढं करूनही तपकिरी थर आलाच, विसाव्या दिवशी. पण विरळ, आणि या वेळी मला तो ओळखू आला. बाटली नाही, काही नाही. दिव्याची वेळ सात तासांवर आणली. टाकीवर चादर टाकून अंधार करायच्या भानगडीत पडले नाही, डायटमना मंद उजेडही पुरतो. आठवड्यातून एकदा बारीक नळीने वाळूवरचा थर ओढून घेत पंधरा लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच, त्याच खारेपणाचं, पस्तीस भाग प्रति हजारचं पाणी घालायचं. पंपाचं तोंड मागच्या कोपऱ्याकडे फिरवलं, तिथे पाणी साचून राहत होतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावर तीन गोगलगायी सोडल्या, जास्त नाही, कारण थर संपल्यावर त्यांना खायला काय? सातव्या आठवड्यात वाळू पुन्हा पांढरी झाली. संक्रांतीला क्लाउनफिशची जोडी आणली, टाकीतच पैदास केलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास साधून दाखवलेली आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेले मासे घ्यायचं काही कारण उरत नाही.

एक सावधगिरी. थर पुडीसारखा न दिसता शेंबडासारखा तंतू धरत असेल, त्यात हवेचे बुडबुडे अडकत असतील आणि गोगलगायी मरू लागल्या असतील, तर ते डायटम नसून डायनोफ्लॅजेलेट नावाचे दुसरेच एकपेशीय जीव असू शकतात. त्यांचा उपाय वेगळा. तेव्हा अंदाजाने काही करू नये, थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावं. जवळच्या कुठल्याही महाविद्यालयात विनंती केली तर कोणी नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुकानदारांना विनंती अशी की टाकीच्या पावतीवरच दोन ओळी लिहून द्याव्यात: तिसऱ्या आठवड्यात तपकिरी थर येईल, औषध घालू नका, आणि अमोनिया, नायट्राइट शून्य होईपर्यंत एकही जीव सोडू नका. आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी त्या पांढऱ्याशुभ्र टाकीशेजारी अठराव्या दिवसाच्या टाकीचंही छायाचित्र छापावं. माझ्याकडे दोन्ही टाक्यांची आहेत आणि सूक्ष्मदर्शकातून काढलेलं त्या होड्यांचंही एक आहे. आपण कळवलंत तर लगेच पाठवते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, रत्नागिरी