चाचणीत कोण होते, हेही छापावे

संपादक महोदय,

औषधांच्या चाचण्यांच्या बातम्यांत सहभागींची संख्या ठळकपणे दिली जाते. ती माणसे कोण होती आणि कोणाला वगळले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. नमुन्याची निवडच एकांगी असेल, तर तो कितीही मोठा केला तरी एकांगीच राहतो.

अमेरिकेतील ॲस्पिरिनच्या गाजलेल्या चाचणीचे उदाहरण घ्यावे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळले. तिच्यातील सर्व २२,०७१ सहभागी पुरुष होते आणि सर्व जण डॉक्टर होते. शिवाय पूर्वतयारीच्या टप्प्यात ३३,२२३ जण होते. गोळ्या नियमित न घेणारे किंवा त्या न सोसणारे अशांना गाळून उरलेल्यांवरच मुख्य चाचणी झाली. म्हणजे, स्वतःच्या प्रकृतीची जाण असलेल्या आणि औषध न चुकवणाऱ्या पुरुषांपुरता तो आकडा खराच आहे. इतरांना तो जसाच्या तसा लागू करण्याला मात्र त्या चाचणीत आधार नव्हता. पुढे ३९,८७६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२००५) पक्षाघात १७ टक्क्यांनी कमी झाला, पण एकूण गटात हृदयविकाराच्या झटक्यांत लक्षणीय घट दिसली नाही. तिथे मात्राही कमी होती, त्यामुळे हा सारा फरक लिंगभेदाचाच आहे, असे म्हणता येणार नाही. तरीही पुरुषांवरचा निष्कर्ष स्त्रियांच्या बाबतीत गृहीत धरणे किती धोक्याचे होते, ते यातून दिसते.

‘सहभागींची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक पद्धतीने केली होती’ या वाक्याने अनेकांचे समाधान होते. त्या पद्धतीमुळे औषध घेणारा आणि न घेणारा असे दोन गट एकमेकांशी तुलना करण्याजोगे होतात, हे मोलाचेच आहे. परंतु ते गट बाहेरच्या रुग्णांसारखे आहेत की नाही, हे चाचणीत प्रवेश कोणाला मिळाला यावरच ठरते. मूत्रपिंडाचा विकार असलेले, एकाच वेळी अनेक औषधे घेणारे, अतिवृद्ध अशा रुग्णांना पुष्कळदा प्रवेशच नाकारला जातो, आणि मला सर्वाधिक खटकते ते हेच, कारण पुढे ते औषध अनेकदा त्यांनाच दिले जाते. चाचणी अर्ध्यावर सोडणाऱ्यांचेही तसेच. त्रास झालेलेच अधिक गळाले, तर औषध आहे त्याहून निर्धोक भासते.

शोधनिबंधातील पहिल्याच तक्त्यात बहुधा सहभागींचे वय, लिंग आणि इतर आजार दिलेले असतात. वगळलेल्यांचे निकष आणि गळालेल्यांची संख्याही निबंधात सापडते. त्यावरून दोन वाक्ये प्रत्येक बातमीत द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक