जस्ताची मूस उलटीच असते

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला रसशाळेवरचा, म्हणजे धातूंची औषधं बनवण्याच्या जुन्या कार्यशाळेवरचा, लेख वाचला. मजकुराचं एक वेळ सोडून देऊ, पण सोबतच्या चित्रातल्या भट्टीतून जस्ताचा कणही निघणार नाही. मूस (धातू तापवायचं मातीचं भांडं) निखाऱ्यांवर, तिचं तोंड वर, आणि रसवैद्य पळीने वितळलेलं जस्त काढतोय, वरण वाढावं तसं!

भाजलेल्या खनिजातलं जस्त सोडवायला ते कोळशासोबत हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवावं लागतं आणि जस्त उकळतं ९०७ अंशांना. म्हणजे ते सुटतं तेच वाफ होऊन. मूस उघडी असेल तर ही वाफ हवेत जळते आणि हाती येते पांढरी भुकटी. म्हणून तर उदयपूरजवळच्या जावरला भट्ट्या दुमजली होत्या. १९८३च्या उत्खननात त्या सापडल्या आहेत. मध्ये भोकं पाडलेली मातीची जाळी, तिच्यावर सहा रांगांत सहा-सहा अशा वांग्याच्या आकाराच्या ३६ मुशी, सगळ्या उलट्या. आग वर, माना जाळीतून खालच्या थंड कप्प्यात. वाफ खाली उतरून तिथल्या भांड्यात थिजायची. मूस उलटी करताना आतला माल घसरू नये म्हणून मानेत काडी खोचत. ती आधी जळून जायची आणि वाफेला वाट मोकळी व्हायची. एवढी अक्कल ज्यांनी चालवली, त्यांच्या हातात आपण पळी दिलीत.

‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात हीच मूस वृंताकमूषा म्हणून, बारा अंगुळं नळीसकट दिली आहे. खर्परात, म्हणजे जस्ताच्या खनिजात, हळद, त्रिफळा, राळ, सैंधव, काजळी, टाकणखार, बिब्बे घालून खलायचं आणि मुशीत भरून तापवायचं. ज्वाला निळ्याची पांढरी झाली की मूस सांडशीने धरून उलटी करायची, नळी न मोडता. चित्रकाराचं जाऊ द्या, लेखकाने तरी हे पान उघडायला हरकत नव्हती.

चौकटीत गजपुटाला भाता जोडला आहे. भाता लागतो कोष्ठीला, म्हणजे भट्टीला, खनिजातून सत्त्व (धातू) पाडताना. पुट म्हणजे गोवऱ्यांनी भरलेला खड्डा. मधोमध शरावसंपुट, म्हणजे तोंडाला तोंड लावून माती माखलेल्या कापडाने (कपडमिट्टीने) बंद केलेल्या दोन मातीच्या परळ, वर पुन्हा गोवऱ्या. पेटवायचं आणि आपोआप निवेपर्यंत हात लावायचा नाही. भाता मारलात तर गोवऱ्या भराभर जळतील, संपुट तडकेल आणि भस्म कच्चं राहील.

आणि हो, यंत्रांची नावं करड्या पट्टीवर करड्याच अक्षरांत छापण्यामागे काय हेतू? डमरूयंत्र कुठलं नि दोलायंत्र कुठलं, भिंग लावूनही कळेना. ई-पेपरात तरी ती काळी करा.

आपला,
एक वाचक